फळ्यावर नफा ३,१२०, डब्यात मात्र वेगळंच

मावशी,

मी नववीत आहे, मिरजेत राहते. यंदा शाळेत उद्योजकता प्रकल्प होता. आमचा आठजणांचा गट. प्रत्येकी ३०० रुपये काढून २,४०० भांडवल जमवलं आणि दिवाळीसाठी ६० आकाशकंदील केले, काही चांदणीचे, काही करंज्यांचे. किंमत १२० रुपये. ४६ विकले, त्यातले ८ उधारीवर. १४ राहिले. आम्ही फळ्यावर नफा काढला: विक्री ५,५२०, वजा २,४००, म्हणजे ३,१२०. प्रत्येकी ३९०. सरांनी शाबासकी दिली. पण डबा उघडला तर ४,६६०च निघाले. ८६० रुपये कमी!

आता सगळे एका मुलावर संशय घेतायत. त्याने एकट्याने त्यांच्या सोसायटीत २१ कंदील विकले आणि बऱ्याच लोकांचे पैसे त्याच्या बाबांच्या फोनवर आले. तो म्हणतो, उलट मलाच जास्त वाटा पाहिजे, कारण बाकीचे कंदील तर नातेवाइकांनी आणि शिक्षकांनीच घेतले. मी आणि माझी मैत्रीण रात्री अकरापर्यंत कामट्या बांधत होतो, त्याचं काय? गटातल्या दोघीजणी भांडवलाचे पैसे देऊन गेल्या त्या एकदम फोटोच्या दिवशी उगवल्या. एका काकांचा कंदील बल्बने करपला, ते पैसे परत मागतायत. सर म्हणतात, भांडू नका, सगळे पैसे अनाथाश्रमाला देऊन टाका. मला खरं सांगायचं तर द्यायचे नाहीत. मी स्वार्थी आहे का? जानेवारीत सगळ्या वर्गासमोर हिशेब मांडायचाय.

– कंदीलवाली, मिरज

प्रिय कंदीलवाली,

पत्रासोबत वहीच्या पानाचा फोटो पाठवलास हे फार बरं केलंस. मी बावीस वर्षं अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवलं आणि त्याआधी वडिलांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसले. त्यामुळे पत्र बाजूला ठेवून मी आधी ते पानच वाचलं. पेन्सिलीने लिहिलंय, दोन ठिकाणी खोडलंय, कोपऱ्यात कुणीतरी मांजर काढलंय. पण खर्च सगळा उतरवलेला आहे. कार्डशीट आणि बटर पेपर ९८०, जिलेटिन ३४०, दोरा १३०, कागदी पिशव्या २४०, रिक्षा १६०, शाळेच्या मेळाव्यात टेबल मांडायचे २००. बेरीज २,०५०.

२,४०० नव्हे, २,०५०. तुमचं घोडं इथेच अडलंय. २,४०० हे तुम्ही घातलेलं भांडवल, खर्च नव्हे. त्यातले ३५० रुपये खर्चच झाले नाहीत, ते पहिल्या दिवसापासून डब्यातच होते. विक्रीतून खर्च वजा करायचा असतो. तुम्ही भांडवल वजा केलंत. लाजू नकोस, माझे अकरावीचे विद्यार्थीही पहिल्या चाचणीत हेच करायचे. सरांनी मात्र शाबासकी देण्याआधी वही मागायला हवी होती.

आता हातात पेन्सिल घे. विक्री ५,५२०, खर्च २,०५०, तर नफा ३,४७०. फळ्यावरच्या आकड्यापेक्षा ३५० जास्तच की! पण नफा म्हणजे डब्यातले पैसे नव्हेत. डब्यात काय असायला हवं ते वेगळं मोजायचं. रोखीने विकले ३८, त्यांचे ४,५६०. त्यात न खर्चलेले ३५० मिळव. ४,९१०. डब्यात आहेत ४,६६०. फरक २५०.

फक्त २५०. तुम्ही डब्यात ५,५२० शोधत होतात म्हणून ८६० रुपये गेल्यासारखे वाटले, आणि त्या ८६० चा आळ एका पोरावर आला. उधारीचे ९६० रुपये डब्यात यायचे कुठून? ते तर अजून लोकांच्या खिशात आहेत. चुकीच्या वजाबाकीने एखाद्याला चोर ठरवता येतं, हे नववीतच कळलं तर ते प्रकल्पाच्या गुणांपेक्षा मोलाचं.

राहिले २५०. ते गेले कुठे? एक शक्यता सांगते, दुकानात बसणाऱ्याला ती लगेच सुचते. गिऱ्हाईक म्हणतं, शंभराला दे ना बाळा, दोन मिनिटांपूर्वी शेजारच्यांना दिलास तसा. दारात उभा असलेला चौदा वर्षांचा मुलगा ‘नाही’ म्हणत नाही. असे बारा कंदील शंभराला गेले की २४० रुपये गेले, वर दहा रुपये सुट्ट्या पैशांच्या घोळात. कुणी काही न खाता २५० गायब. म्हणून त्याला ‘तू घेतलेस का’ असं विचारायचं नाही. ‘कुणाकुणाला सूट दिलीस’ असं विचारायचं. आणि फक्त त्यालाच नाही, मेळाव्यात टेबलावर बसलेल्यांनाही. त्याच्या बाबांच्या फोनवर प्रत्येक रक्कम तारखेनिशी दिसते. एका संध्याकाळी दोघं-तिघं मिळून त्यांच्याकडे जा, चहा घ्या, यादी उतरवून आणा. पुढच्या वेळी मात्र धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे एका खात्यात मिसळू देऊ नका. कुणाच्या तरी आईबाबांचं जे खातं फारसं वापरात नसेल, ते एकच ठरवा.

यादी करूनही सगळे २५० जुळले नाहीत तर? तर हिशेबात एक ओळ लिहायची: ‘न जुळलेली रक्कम’. आणि समोर आकडा. ती ओळ लपवायला कुणीतरी खिशातून पैसे घालून डबा बरोबर करेल, तसं होऊ देऊ नकोस. आमच्या दुकानात रात्री गल्ला मोजताना पाच रुपये जास्त निघाले तर वडिलांना कमी निघण्यापेक्षा जास्त राग यायचा. म्हणजे कुणाला तरी सुटे कमी दिले, आणि उद्या ते गिऱ्हाईक यायचं नाही.

करपलेल्या कंदिलाचे १२० मात्र आजच द्या, त्यावर चर्चासुद्धा नको. काकांनी नक्की जुना पिवळा बल्ब लावला असणार. तो तापतो, आणि बटर पेपर त्याच्यापुढे किती तग धरणार? चूक त्यांची की तुमची? तुमची. कंदिलासोबत ‘फक्त एलईडी बल्ब लावा’ एवढी चिठ्ठी घालायची राहिली. कंदील नुसता करपला, पेटला नाही, हे नशीब समजा.

तर डब्यातून १२० गेले, ४,५४० उरले. त्यातून सगळ्यांचं मुद्दल परत, प्रत्येकी ३००, एकूण २,४००. उरले २,१४०. आज हातात असलेला नफा हा एवढा. उधारी वसूल झाली की ३,१००. फळ्यावरचा आकडा नि हा आकडा जवळजवळ सारखेच आले, पण तो योगायोग आहे. चुकीच्या वाटेनेही माणूस कधीकधी गावात पोचतो.

आता तुझा खरा प्रश्न, कुणाला किती.

सोसायटीवाल्याची बाजू आधी घेते, कारण तुझ्या पत्रात त्याच्या बाजूने कुणीच नाही. तुला कामट्या बांधणं म्हणजे काम वाटतं आणि विकणं म्हणजे बोलणं. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. किर्लोस्करवाडी मिरजेहून आगगाडीने किती लांब आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर उत्तम होता, अडलं होतं ते विकण्यापाशी. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकायचं काम केलं. विकणं हे कष्टाचंच काम आहे, आणि त्यात दारं तोंडावर बंद होतात ते वेगळंच.

शिवाय तो म्हणतो त्यातलं एक वाक्य तुम्हाला झोंबलं असलं तरी खरं आहे. ४६ पैकी २५ कंदील तुमच्या माणसांनी घेतले. मामा कंदील घेतो तेव्हा तो भाचीला घेतो, कंदिलाला नाही. तुमचा कंदील १२० रुपयांचा आहे की नाही हे ज्यांना तुमचं नावही माहीत नव्हतं त्या लोकांनी सांगितलं, आणि ते सगळे त्याच्या सोसायटीत होते. त्यातल्या काहींनी शंभरलाच मागितला असेल तर तीही माहितीच आहे, लिहून ठेव.

आता तुझी बाजू. पानावर तू लिहिलंयस, एका कंदिलाला एकूण सव्वा तास लागायचा. साठ कंदील म्हणजे पंचाहत्तर तास. २,१४० भागिले ७५. तासाला साधारण साडेअठ्ठावीस रुपये. थांब, अजून कमी होणार आहे. कामट्या कुठून आल्या? पानावर त्यांच्यापुढे शून्य आहे आणि बाजूला ‘आजोबांनी दिल्या’ असं लिहिलंय. आजोबांनी दिल्या म्हणून त्या फुकट होत नाहीत, फक्त तुम्ही पैसे दिले नाहीत. बुरुडाकडे जाऊन भाव विचार. समजा ३०० रुपये निघाले, तर तासाचे साडेचोवीस झाले. खळ घरच्या मैद्याची, गॅस घरचा. आणि मागच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, ‘काकूंनी २० कंदिलांच्या करंज्या कापून दिल्या’ अशी ओळ आहे. काकूंचे तास पंचाहत्तरात धरले नाहीत ना? मला वाटलंच. बायकांनी घरी केलेलं काम हिशेबात येत नाही, ही काही तुम्ही लावलेली रीत नाही. पण तुमच्या वहीत तरी ती चालू ठेवू नका.

याचा अर्थ काकूंना पैसे द्या असा नाही, त्या घेणारही नाहीत. ‘मिळालेली मदत’ असं वेगळं पान करा, त्यावर कामट्या, करंज्या, मैदा, सगळं बाजारभावाने लिहा. मगच कळेल की हा धंदा आपल्या पायावर उभा होता की आजोबांच्या. उरलेल्या चौदांतला एक कंदील आजोबांकडे आणि एक काकूंकडे घेऊन जा, दोघांना हिशेबही दाखवा. आजोबा हिशेब बघतील, कंदिलाकडे नंतर वळतील, बघ.

मिरजेत राहतेस तर आणखी एक काम कर. तंतुवाद्यांच्या एखाद्या कारखान्यात जा. तुमच्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुला ठाऊक असेलच. तिथल्या कारागिराला विचार की तंबोऱ्याची किंमत कशी ठरवता. भोपळा केवढ्याला, लाकूड केवढ्याला, तारा केवढ्याला, आणि हाताचे दिवस किती. ते कसं मोजतात ते नीट ऐक. तुम्ही १२० ही किंमत कशी ठरवलीत ते पत्रात नाही. मला वाटतं, बाजारात बघून ठरवलीत.

वाटणीबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. यंदा सारखे वाटे करा, फोटोच्या दिवशी उगवलेल्या दोघींसकट. कारण आधी काहीच ठरलं नव्हतं. मोठ्या माणसांच्या भागीदारीतही आपल्याकडचा १९३२ चा कायदा हेच सांगतो: वेगळं ठरलेलं नसेल तर नफ्यातोट्याचे वाटे सारखे, आणि एखाद्याने जास्त काम केलं म्हणून त्याला वेगळा मेहनताना नाही. तुम्ही अठराच्या आतले, तुम्हाला हा कायदा लागू होत नाही. तुमचा करारच कायद्याच्या लेखी करार नाही. पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. खेळ संपल्यावर नियम बदलले की जिंकलेल्यालाही मजा येत नाही. त्या दोघींनी मिळून ६०० रुपये घातले होते. पावसाने कंदील भिजले असते तर त्यांचेही बुडाले असते. तेव्हा तू ‘तुम्ही काम केलं नाही म्हणून तुमचं नुकसान आम्ही सोसतो’ असं म्हणाली असतीस का?

आठही जण एकमताने वेगळं ठरवत असतील तर खुशाल ठरवा. पण एकजण जरी नाही म्हणाला तर सारखे. प्रत्येकी २६७ रुपये आणि वर चार रुपये उरतील. त्या चार रुपयांवरून भांडू नका, कृपा करून.

उधारी आली की आणखी १२० प्रत्येकी. ती येईल का? तुझ्या पानावर आठ कंदिलांपुढे नावं आहेत. दोन मामाचे, दोन शेजारच्यांचे, आणि चार तुमच्याच शिक्षकांचे. शिक्षकांकडे पैसे मागायचे कसे, हे तुला लिहायला अवघड गेलेलं दिसतंय, तिथे तीनदा खोडलंयस. सोपं आहे. मधल्या सुट्टीत जायचं, वही उघडी ठेवायची आणि म्हणायचं, ‘बाई, प्रकल्पाचा हिशेब बंद करतोय, तुमच्या नावावर एका कंदिलाचे १२० आहेत.’ बस. ‘सॉरी’ म्हणायचं नाही, ‘सावकाश द्या’ तर मुळीच म्हणायचं नाही. त्या विसरल्या असतील, लगेच पर्स काढतील. वडिलांच्या उधारीच्या वहीत मोठ्या घरांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहायची. पैसे नव्हते म्हणून नाही, मागायला आम्ही लाजायचो म्हणून. दुकान बंद केलं तेव्हा ती वही किलोच्या भावाने रद्दीत गेली. त्यात नाव असलेल्या एका घराच्या लग्नात मी आहेरही केला होता!

वसुलीला एकटी जाऊ नकोस, सोसायटीवाल्याला सोबत ने. त्याला दारावर उभं राहायचा सराव आहे, आणि संशयाने तोंड फिरवलेले मित्र परत बोलायला लागायचे असतील तर असं एखादं काम बरं पडतं.

आता अनाथाश्रम. नाही, तू स्वार्थी नाहीस. सरांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, वर्गात भांडणं लागली की शिक्षकाला काहीतरी करून ती थांबवायची असतात. मीही केलंय असं. पण दान हे ज्याचे पैसे त्याने ठरवायचं. ८६० रुपयांचा घोळ सुटायच्या आधी सगळे पैसे देऊन टाकले असते तर हिशेब कुणी उघडलाच नसता, आणि त्या मुलाच्या नावावरचा डाग दहावीपर्यंत राहिला असता. सरांना हेच सांग, पण वर्गात नको. वही घेऊन स्टाफरूममध्ये जा आणि म्हण, ‘सर, वाटणी झाली की ज्याला द्यायचंय तो आपापल्या वाट्यातून देईल, पेटी तुम्हीच ठेवा.’ ऐकतील. आणि पेटी ठेवली तर कुणी किती टाकले ते बघायला उभी राहू नकोस.

मुद्दल परत देणं आणि वाटणी करणं याचा एक छोटा कार्यक्रमच करा. अमेरिकेत १९१९ साली सुरू झालेली ज्युनियर अचिव्हमेंट नावाची संस्था आहे. तिच्या उपक्रमात मुलं छोटी कंपनी काढतात, ओळखीच्यांना शेअर विकतात, माल करतात, विकतात, आणि शेवटी ती कंपनी रीतसर बंद करून भागधारकांचे पैसे चुकते करतात. आपल्याकडे शाळेच्या प्रकल्पांत उद्घाटनाला पाहुणे बोलावतात, रिबीन कापतात, फोटो काढतात. शेवट मात्र डबा कुणाच्या तरी दप्तरात राहून होतो. तुम्ही प्रत्येकाला मोजून पैसे द्या, वहीत सही घ्या.

उरलेल्या चौदांचं काय? दोन वाटले, बारा उरले. तुझ्या पानावर चौदांची किंमत १,६८० धरून पुढे प्रश्नचिन्ह काढलंयस. प्रश्नचिन्ह बरोबर आहे, १,६८० चूक. दिवाळी संपली की करंज्यांचा कंदील म्हणजे कागद आणि कामट्या. ते सोडवा, कामट्या जपून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येतील. पण चांदणीचे किती आहेत? तू सात लिहिलेत, आणि नाताळ तोंडावर आहे. मिरजेत ख्रिस्ती घरं आहेत, चर्च आहेत, आणि तिथे दारावर चांदणीच लागते. झिरमिळ्या काढा, दिवाळीचे रंग फार भडक असतील तर पांढरा किंवा लाल कागद वरून चढवा. आधी दोन घरी नेऊन दाखवा आणि विचारा, अशी चांदणी तुम्ही लावाल का, केवढ्याला घ्याल. विकत घ्या म्हणू नका, नुसतं विचारा. मग उरलेल्या पाचांचं काय करायचं ते ठरवा.

आणि या सातांसाठी नियम आधी लिहा. माझं सुचवणं असं: कागद चढवणाऱ्याला नगामागे वीस, विकणाऱ्याला नगामागे दहा, नवा खर्च वजा, उरलेलं आठांत सारखं. सूट द्यायची असेल तर जास्तीत जास्त दहा रुपये, आणि दिली की तिथल्या तिथे वहीत. रोज संध्याकाळी गल्ला दोघांनी मोजायचा, एकाने नाही. हे एका पानावर लिहून आठ सह्या घ्या. फोटोच्या दिवशीवाल्या दोघींच्याही. नगामागे वीस मिळतायत म्हटल्यावर त्या येतील, असं मला उगाच वाटतंय.

जानेवारीत वर्गासमोर उभी राहशील तेव्हा फळ्याच्या एका बाजूला जुना हिशेब तसाच्या तसा काढ, ३,१२० सकट. दुसऱ्या बाजूला हा. मधे ८६० लिही आणि ते कसे २५० झाले ते सोसायटीवाल्याला सांगू दे. तू बोलू नकोस.

– मावशी

ता. क. चिठ्ठीवर ‘फक्त एलईडी’ लिहाल तेव्हा पेन्सिलीने लिहू नका. आणि मांजर छान आहे, ते कुणी काढलं?